अंडकोषाचा आकार बदललाय? घरी काय बघायचं, कुणाकडे जायचं आणि किती घाईनं

घाईचं आधी. एका बाजूचं वृषण, म्हणजे पिशवीच्या आतला अवयव, अचानक जोरात दुखायला लागलं असेल, ते नेहमीपेक्षा वर ओढल्यासारखं किंवा आडवं झालेलं दिसत असेल, जोडीला मळमळ किंवा उलटी असेल, तर पुढचं वाचत बसू नका. रिक्षा पकडा, नाहीतर १०८ ला फोन करा, आणि जिथे चोवीस तास सर्जन आणि ऑपरेशन थिएटर आहे अशा हॉस्पिटलात जा. वाटेत काही खाऊ नका, पाणीही पिऊ नका. भूल द्यावी लागू शकते. बाकीच्यांनी सावकाश वाचावं.

मी नवी मुंबईत, ऐरोलीत फॅमिली डॉक्टर आहे. पुरुषांच्या या तक्रारीत एक उलटा प्रकार सतत दिसतो. जिथे तासांचा हिशोब असतो तिथे लोक सकाळ उजाडायची वाट बघतात, आणि जिथे काहीच दुखत नाही तिथे महिनोन्महिने काढतात. दोन्हीकडे गाडी अडते ती लाजेपाशी. म्हणून इथे रोगांची यादी देण्याऐवजी डोळ्यांना काय दिसतं आणि हाताला काय लागतं, तिथून सुरुवात करतो. बाहेरच्या कातडीला पिशवी म्हणू, आतल्या अवयवाला वृषण.

पीळ पडतो तेव्हा

वृषण ज्या दोरीला लटकलेलं असतं, तिच्यातूनच त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जातात. काहींमध्ये वृषण आत नीट बांधलेलं नसतं, मोकळं फिरतं. ते स्वतःभोवती फिरलं की दोरीला पीळ पडतो आणि रक्त बंद होतं. दुखायला लागल्यापासून साधारण ६ तासांत पीळ सोडवला तर बहुतेक वेळा वृषण वाचतं. २४ तास उलटले तर क्वचितच. घड्याळ दुखणं सुरू झालं तेव्हापासून चालू होतं, हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

हे कुठल्याही वयात होऊ शकतं, पण सर्वात जास्त १२ ते १८ या वयात. अनेकदा पहाटे झोपेतून उठवणारं दुखणं असतं. आणि या वयाचा मुलगा आईला काय सांगतो? "पोटात दुखतंय."

असाच एक आठवी-नववीतला मुलगा दवाखाना उघडता उघडता आला होता. आई म्हणाली, "काल रात्री बाहेरचं खाल्लंय, डॉक्टर, गॅस झालाय. ओवा दिला, सोडा दिला, सगळं उलटून पडलं." मुलगा पाय फाकवून, कंबरेत वाकून चालत होता. पोट दाबलं तर मऊ, कुठेच दुखेना. आईला म्हटलं, ताई, तुम्ही जरा बाहेर बसा. पडदा ओढला. मी काही विचारायच्या आत त्याने खाली बोट दाखवलं. डावी बाजू वर चढलेली, लाल, हात लावू देईना. नशीब चांगलं, वेळ हातात होती. दुपारी ऑपरेशन होऊन वृषण वाचलं.

तेव्हा घरात मुलगा असेल तर हा नियमच करून टाका: पोटात खाली दुखतंय आणि उलट्या होतायत असं तो म्हणाला, की चड्डी काढून बघायचं. आईसमोर लाजत असेल तर बाबांनी, काकांनी, मोठ्या भावाने बघावं. पण बघावं.

संशय दाट असेल तर सर्जन सोनोग्राफीची वाट न बघता थेट ऑपरेशनला घेतात, आणि ते बरोबरच आहे. "आधी रिपोर्ट तर येऊ द्या" म्हणून घरच्यांनी अडवू नये. ऑपरेशनमध्ये पीळ सोडवून वृषण टाके घालून जागेवर बसवतात, आणि दुसऱ्या बाजूचंही बसवतात, कारण तेही तसंच मोकळं असण्याची शक्यता मोठी.

कधी कधी दुखणं भयंकर उठतं आणि अर्ध्या तासात आपोआप जातं. सुटलो, असं समजू नका. पीळ पडून सुटलेला असू शकतो. तो पुन्हा पडेल तेव्हा सुटेलच असं नाही. दुखणं थांबलं असलं तरी एक-दोन दिवसांत युरॉलॉजिस्टला, म्हणजे लघवीच्या आणि पुरुषांच्या अवयवांच्या सर्जनला, दाखवा.

नेहमीचं काय असतं

प्रौढ पुरुषाचं वृषण लांबीला साधारण ४ ते ५ सेंटीमीटर, रुंदीला त्याच्या निम्म्याच्या आसपास. हाताला सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं लागतं: गुळगुळीत, घट्ट, पण दाबलं तर किंचित देणारं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कुणाच्याच नसतात. बहुतेकांचं डावं उजव्यापेक्षा खाली लोंबतं आणि एक थोडं मोठं असतं. हे वयात आल्यापासून तसंच असेल तर त्याला फरक म्हणायचं, बदल नाही. आपण शोधतोय तो बदल.

पिशवीचा आकार तर दिवसातून कितीदा बदलतो. गारठ्यात आणि भीतीने आक्रसते, मे महिन्यात सकाळच्या ठाणे लोकलमध्ये उभं राहिलं की सैल पडते. वय वाढेल तशी आणखी लोंबते. त्यात काही बिघडलेलं नाही.

वृषणाच्या मागच्या बाजूला एक मऊ, वळलेली नळी हाताला लागते आणि तिथून वर जाणारी दोरी. पहिल्यांदाच हात लावून बघणारे बरेच जण ही नळी म्हणजेच गाठ समजून घाबरून येतात. ती दोन्ही बाजूंना आहे का ते बघा. असेल तर ती तुमची स्वतःची, जन्मापासूनची.

घरी कसं बघायचं

१. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर बघा, पिशवी सैल असते. आधी आरशासमोर उभं राहून नुसतं पाहा: एक बाजू फुगलेली, कातडी लाल, ताणलेली, कुठे खेचलेली दिसते का.

२. एका वेळी एक वृषण. अंगठा वर, दोन बोटं खाली, आणि हळूहळू फिरवत सगळा पृष्ठभाग तपासा. जोरात दाबायचं नाही. मागची नळी ओळखा आणि बाजूला ठेवा.

३. काही लागलं तर पुढचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा: ते कातडीत आहे, वृषणाच्या बाहेर आहे, की वृषणाचाच भाग आहे? कातडीतली गाठ कातडीबरोबर सरकते. मागच्या नळीतली गाठ वृषणापासून वेगळी पकडता येते. वृषणातच कडक भाग असेल तर तो वेगळा करता येत नाही.

४. आता आडवे व्हा आणि पुन्हा बघा. फुगवटा कमी झाला का, नाहीसा झाला का, तसाच राहिला का? मग उभं राहून खोका. खोकल्याबरोबर जांघेतून काही खाली उतरल्यासारखं वाटतं का?

५. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च पिशवीला मागून लावा. पाणी असेल तर लालसर उजेड आरपार दिसतो. हा अंदाज आहे, निदान नाही. वृषणात गाठ असून तिच्याभोवती पाणी साचलेलं असू शकतं, म्हणून उजेड दिसला तरी सोनोग्राफी टळत नाही.

लक्षण नसताना दरमहा तारीख लावून तपासत बसावं का? त्याने फायदा होतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही, आणि काही जणांना तर त्याचा छंदच लागतो; रोज चाचपून चाचपून दुखवून घेतात. आपलं नेहमीचं कसं आहे ते एकदा ओळखून ठेवा, मग बदललं की हाताला कळतं.

दुखत नाही, पण कडक लागतं

इथे थांबा, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

वृषणात न दुखणारा कडक भाग, किंवा अख्खं वृषण दगडासारखं जड आणि मोठं झालेलं, हे कॅन्सर नाही असं सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच्या संशयानेच बघायचं. भारतात हा कॅन्सर विरळा आहे, वर्षाला लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी. पण तो येतो तो १५ ते ४० या वयात, म्हणजे कॅन्सरचा विचारही मनात येत नाही अशा वयात. लहानपणी वृषण खाली उतरलं नव्हतं, किंवा भावाला-वडिलांना हा आजार झाला होता, तर धोका वाढतो. काहींना फक्त पिशवीत जडपणा जाणवतो, काहींची छाती सुजून दुखते, आणि पसरला असेल तर कंबर-पाठ दुखते.

चांगली बातमी अशी की हा कॅन्सर बरा होणाऱ्यांपैकी आहे. वेळेत सापडला तर ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं उदाहरण घ्या. १९९६ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी त्याचं निदान झालं तेव्हा आजार फुप्फुसात आणि मेंदूत पोचला होता, तरी तो बरा झाला. पुढे डोपिंगमुळे त्याची विजेतेपदं काढून घेतली गेली, ती कथा वेगळी. मुद्दा असा की उशिरा आलेलाही वाचतो, पण त्यासाठी किमोच्या किती फेऱ्या सोसाव्या लागतात हा फरक उरतोच.

अशी गाठ लागली तर आठवड्याच्या आत युरॉलॉजिस्ट. सोनोग्राफी आणि एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या तीन रक्ततपासण्या होतात. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: पिशवीतून सुई घालून या गाठीचा तुकडा काढत नाहीत. कुणी तसं सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. वृषण काढायचं ठरलं तर जांघेतून छेद घेऊन काढतात. त्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल स्वतःहून विचारा, लग्न झालेलं नसेल तर नक्कीच. गडबडीत हा विषय राहून जातो. एक वृषण निरोगी असेल तर संसार आणि मूल दोन्ही होतं.

फुगलंय, मऊ आहे

दवाखान्यात सर्वात जास्त दिसतात ते हे प्रकार, आणि बहुतेक निरुपद्रवी असतात.

पाणी भरणं, म्हणजे हायड्रोसील. हळूहळू वाढतं, दुखत नाही, टॉर्चने उजेड दिसतो. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. पँट घालताना, बाइकवर बसताना अडचण होत असेल तर ऑपरेशन. सुईने पाणी काढून घेण्याचा मोह टाळा. पाणी बहुधा पुन्हा भरतं आणि जंतू आत जाण्याची भीती वेगळी. मूळ गाव गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडचं असेल तर तसं डॉक्टरांना सांगा, कारण हत्तीरोगातही पाणी भरतं. त्या तपासणीसाठी रात्रीचं रक्त घेतात. हत्तीरोगाचे बारीक जंतू रात्रीच रक्तात फिरतात.

शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील. शंभरात साधारण १५ पुरुषांना असतं, आणि बहुधा डावीकडे, कारण डावीकडची शीर वर जाऊन किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते. उभं राहिल्यावर जाड, वेटोळ्या शिरा हाताला लागतात, आडवं झाल्यावर ओसरतात. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांना, सिक्युरिटीवाल्यांना, संध्याकाळी ओढल्यासारखं दुखतं. बहुतेकांना काही करावं लागत नाही. मूल होत नसेल, वाढत्या वयातल्या मुलाचं त्या बाजूचं वृषण मागे पडत असेल, किंवा दुखणं रोजचं झालं असेल तर ऑपरेशनचा विचार. पण आडवं झाल्यावरही शिरा ओसरत नसतील, फक्त उजवीकडेच असतील, किंवा पन्नाशीनंतर अचानक दिसल्या असतील, तर पोटाची सोनोग्राफी करून किडनी बघून घ्यायची.

लष्कराच्या किंवा निमलष्करी दलांच्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी हे आधीच दाखवून घ्यावं. वैद्यकीय तपासणीत हायड्रोसील आणि व्हेरिकोसील या दोन्हींवर बोट ठेवलं जातं, आणि मैदान मारलेली मुलं तिथे येऊन अडकतात.

खोकल्याबरोबर जांघेतून उतरतं आणि झोपल्यावर वर जातं तो हर्निया, आपला अंतर्गळ. तो जनरल सर्जनचा विषय. वर जाईनासा झाला, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलंय. ही पिळाइतकीच घाई.

हळूहळू दुखत, सुजत गेलं

एक-दोन दिवसांत चढत गेलेलं दुखणं, ताप, लघवीला जळजळ: बहुधा जंतुसंसर्ग. तरुणांमध्ये तो बऱ्याचदा शरीरसंबंधातून येतो आणि मग जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. ते न सांगता एकट्याने गोळ्या खाल्ल्या तर पुन्हा होतो. साठीच्या पुढे लघवीचा अडथळा, प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) ही कारणं. अँटिबायोटिक पूर्ण घ्या, चड्डी घट्ट बसणारी घाला, आराम करा. दुखणं लवकर जातं, सूज उतरायला काही आठवडे लागतात. दीड महिन्यानंतरही गाठ तशीच असेल तर पुन्हा सोनोग्राफी, कारण कॅन्सर आणि टीबी दोन्ही अशा संसर्गाच्या आड लपतात. टीबीत मागची नळी कडक, खडबडीत होते, कधी कातडीला तोंड पडून पू येतो. त्याची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

वयात आलेल्या मुलाला गालगुंड झाले आणि आठवडाभरात वृषण सुजलं, तर तो त्याच विषाणूचा प्रताप. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची मिळत नाही. ती एमएमआरमध्ये असते. मुलांच्या डॉक्टरांना विचारा.

डायबेटिस असलेल्या माणसाची पिशवी काही तासांत सुजून काळी-निळी पडू लागली, वास येऊ लागला, तर थेट मोठं हॉस्पिटल. त्यात जीव जाऊ शकतो.

टर्फवर टेनिस बॉल लागला, दोन मिनिटं जीव कासावीस झाला आणि थांबलं, तर ठीक. सीझन बॉल लागून तासा-दोन तासांनीही दुखतंय, पिशवी जांभळी होतेय, तर त्याच दिवशी सोनोग्राफी. वृषणाचं आवरण फाटलं असेल तर लवकर शिवावं लागतं.

लहान होत चाललंय

हल्ली यामागचं एक कारण म्हणजे जिम. 'सायकल' मारली असं मुलं म्हणतात, म्हणजे बाहेरून टेस्टोस्टेरॉन आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतलेली असतात. बाहेरून हॉर्मोन मिळाल्यावर मेंदू वृषणाला काम करायचे आदेश देणं थांबवतो. वृषण आक्रसतं, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. इंजेक्शनं थांबवल्यावर सुधारायला कित्येक महिने लागतात, आणि सगळे पूर्ण सुधारत नाहीत. ट्रेनरला नाही, एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हॉर्मोनच्या डॉक्टरला) किंवा युरॉलॉजिस्टला विचारा, आणि काय घेतलं ते खरं सांगा.

याखेरीज जुना पीळ, गालगुंड, मोठं व्हेरिकोसील, दारूने खराब झालेलं लिव्हर ही कारणं. दोन्ही वृषणं वयात आल्यापासूनच बारीक असतील तर हॉर्मोन आणि गुणसूत्रांची तपासणी लागते.

बाळाचं

अंघोळीच्या वेळी कोमट पाण्यात दोन्ही वृषणं पिशवीत लागतात का बघा. कधी वर जातात, कधी खाली येतात, अशी असतील तर बहुधा काळजी नाही, तरी एकदा दाखवा. ६ महिन्यांपर्यंत एखादं उतरलंच नाही तर पीडियाट्रिक सर्जन. ऑपरेशन पहिल्या वर्षाच्या आसपास, दीड वर्षाच्या आत झालेलं बरं. "मोठा झाला की उतरेल" हा आजीचा सल्ला इथे चालत नाही. तान्ह्या बाळाच्या पिशवीतलं पाणी मात्र एक-दोन वर्षांत बहुधा आपोआप जातं.

डॉक्टरकडे जाताना

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करायला हरकत नाही, मात्र तो तपासणार असेल तरच. पँट न उतरवता गोळ्या लिहून दिल्या तर दुसरीकडे जा. युरॉलॉजिस्टची पदवी एमसीएच किंवा डीएनबी युरॉलॉजी अशी असते. ठाणे-नवी मुंबईकडे राहत असाल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, नेरुळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम, यांपैकी जवळचं गाठा. युरॉलॉजीची ओपीडी कोणत्या वारी असते ते फोनवर आधी विचारा, म्हणजे सुट्टी वाया जात नाही. कॅन्सरचं निदान झालं तर खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचंच केंद्र आहे. नोंदणी तिथे की परळला, तेही निघण्यापूर्वी विचारून घ्या.

आत गेल्यावर बोलायला जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे करा: कधी लक्षात आलं, कोणती बाजू, दुखतं की नाही, वाढतंय का, लहानपणी काही ऑपरेशन, सध्याची औषधं. सोनोग्राफी डॉप्लरसहित (त्यात रक्तप्रवाह दिसतो) सांगितली असेल तर केंद्रात तसं स्पष्ट सांगा. उपाशी राहायचं नसतं, दाढीचं ब्लेड चालवायची गरज नसते. गार जेल लागते, मशीन फिरतं, दहा-पंधरा मिनिटांत सुटका. रेडिओलॉजिस्ट बाई असतील तर बरेच जण परत फिरतात. संकोच वाटत असेल तर पुरुष डॉक्टर कधी असतात ते विचारून वेळ घ्या, पण परत फिरू नका.

लोकलच्या डब्यात 'गुप्तरोग, शंभर टक्के खात्री' असे चिकटवलेले कागद आपण सगळेच लहानपणापासून वाचत आलोय. तिथल्या तेलाने चोळून आकार पूर्ववत होत नाही. पीळ असेल तर त्या चोळण्यात सहा तास संपतात, गाठ असेल तर सहा महिने. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का, ते विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का, हे तोच सांगेल. हायड्रोसील, हर्नियासारखं ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर तारीख घेण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. भरती झाल्यावर कागद जमवायला घरच्यांची पळापळ होते.